फेरफार आणि कमिट : बदलाचं कारण कुठे लिहायचं?

आज आपल्याला एका छोट्या प्रश्नाचा विचार करायचा आहे. प्रोग्राममध्ये बदल केला, तर त्याची नोंद कशी करावी?

चंद्रपूर-गडचिरोलीत सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जमीन बापाकडून मुलांकडे गेली, की तलाठी जुनं नाव पुसत नाही. त्याला कंस करतो आणि फेरफार क्रमांक टाकतो. त्या क्रमांकाने गाव नमुना ६ पाहिला, की बदल वारसाने झाला की खरेदीखताने, ते कळतं. हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ तयार केलं. त्यातला प्रत्येक कमिट म्हणजे एक फेरफारच. काय बदललं, कुणी, केव्हा, हे गिट आपोआप जपतं. का बदललं, हे मात्र माणसानेच लिहायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

उदाहरण घेऊ. आपल्याकडे तेंदूचा पुडा ७० पानांचा, छत्तीसगडमध्ये ५० चा. समजा, तिकडच्या मापाचा हिशेबाचा प्रोग्राम एका ग्रामसभेने घेतला. कुणीतरी ५० चे ७० केले आणि लिहिलं, ‘दुरुस्ती केली’. तीन वर्षांनी नव्या मुलाला ७० हीच चूक वाटते; तो पुन्हा ५० करतो. संगणक काही बोलत नाही. पुड्यांचा मेळ मात्र बसत नाही, आणि संशय येतो तो मे महिन्याच्या उन्हात पानं तोडणाऱ्या बाईवर.

मग नोंद कशी हवी? पहिली ओळ आखूड : ‘पुड्यातील पानं ५० ऐवजी ७०’. एक ओळ मोकळी. खाली कारण : ‘मूळ प्रोग्राम छत्तीसगडच्या मापाचा, महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा. मागच्या हंगामाच्या पावत्या तशाच ठेवल्या आहेत.’ न्यायशास्त्रात पर्वतावर अग्नी आहे एवढं म्हणून भागत नाही, धूर दिसतो हे सांगावं लागतं. पहिली ओळ प्रतिज्ञा, खालचा मजकूर हेतू.

आणखी दोन गोष्टी. एका कमिटमध्ये एकच बदल असावा. म्हणजे तो मागे घेताना दुसरा चांगला बदल सोबत जात नाही. आणि हरकतीच्या मुदतीसारखं, बदल पक्का होण्याआधी सहकाऱ्याने तो वाचावा.

लिहिताना आपण एकच वाचक डोळ्यापुढे ठेवू या : काही वर्षांनी सिरोंच्यात बसून, आपल्याला फोन न लावता, हे काम पुढे नेणारा. त्याला पुरेल एवढं लिहिलं, की झालं. आता तुमचे प्रश्न घेऊ.