उपाशी शरीराला ताप येत नाही तेव्हा

अंगणवाडी सेविका बाळाच्या डाव्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळते. घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की खूण लाल पट्ट्यात येते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ती खूण म्हणजे तीव्र कुपोषण, ‘सॅम’. आई सांगते, ‘बारीक आहे, पण ताप-बिप काही नाही बघा.’ घात होतो तो इथेच.

ताप येणं हा शरीर जंतूंशी लढत असल्याचा पुरावा. जंतू शिरले की पेशी रासायनिक निरोप धाडतात. मग अंग तापतं, सूज येते, पांढऱ्या पेशी धावून येतात. या सगळ्याला ऊर्जा आणि प्रथिनं लागतात, आणि कुपोषित शरीरात तीच नसतात. त्यामुळे न्यूमोनिया झालेलं कुपोषित मूल हाताला गारसुद्धा लागू शकतं. म्हणूनच गुंतागुंत असलेल्या सॅम बालकाला संसर्गाची लक्षणं दिसोत वा न दिसोत, प्रतिजैविकं सुरू करावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशी तिथे तयार होऊन बाहेर पडतात. कुपोषणात ही ग्रंथी आक्रसते. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरकही घटतं, आणि टी-पेशींना मिळणारी चालना मंदावते. जंतूंना गिळणाऱ्या पेशी रक्तात असतात, पण त्यांची मारक शक्ती उणावलेली असते.

म्हणजे प्रतिकारशक्ती नुसती झोपली, असं म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. आतड्याचं अस्तर झिजतं, तिथले जंतू आणि त्यांचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद दाह सतत धुमसत राहतो. त्यात भूक मरते, स्नायू झिजतात, वाढ खुंटते. जिथे दाह हवा तिथे तो उठत नाही; जिथे नको तिथे विझत नाही. जुलाब झाले की मूल आणखी खंगतं आणि पुढच्या जुलाबाला आणखी सहज बळी पडतं.

मोठ्यांमध्ये या दुबळ्या प्रतिकारशक्तीचा सगळ्यात मोठा फायदा क्षयरोग उठवतो. त्याला थोपवून धरण्याचं काम मुख्यतः टी-पेशींचं. अतिशय खंगलेल्या माणसाच्या हातावर टीबीची त्वचाचाचणी केली, तर जंतू अंगात असूनही गाठ उठत नाही, इतक्या त्या पेशी निष्प्रभ झालेल्या असतात.

मग पोटभर अन्न दिलं तर क्षय टळतो का? हे पाहायला झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी ‘रेशन्स’ ही चाचणी केली. 2,800 क्षयरुग्णांच्या घरातली 10,345 माणसं त्यात होती. रुग्णांना सगळीकडेच शिधा मिळाला. फरक होता तो कुटुंबीयांच्या ताटात: एका गटातल्या प्रौढांना दरमहा माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. डाळ-तांदळाला रोगप्रतिबंधक म्हणायला याहून भक्कम पुरावा काय हवा?

सरकारच्या निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1,000 रुपये मिळतात. ती मदत रुग्णापुरती आहे. घरातल्या बाकीच्यांच्या पोटाचं काय, हा प्रश्न उरतोच. ‘निक्षय मित्र’ होऊन शिधा पुरवायला मात्र व्यक्ती, संस्था, मंडळं कुणालाही मुभा आहे. गावोगावच्या गणेश मंडळांनी आणि पतसंस्थांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन क्षयरुग्णांच्या घरांची चौकशी करावी, आणि शिधा देताना तो सगळ्या कुटुंबाला पुरेल इतका द्यावा.