जुना ट्रक ‘मूळ’ कधी असतो?

मंडळी, गेल्या वेळी आपण एका प्रश्नापाशी थांबलो होतो. वस्तू बदलत गेली, तरी ती ‘तीच’ आहे असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? आज हाच प्रश्न जरा तेलकट हातांनी हाताळू. विषय आहे जुने ट्रक आणि त्यांच्या नादी लागलेली हौशी माणसं.

ओळखीचं उदाहरण घेऊ. 1954 मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी सहकार्याचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. पुढे लांब नाक आणि त्यावर तीन टोकांची चांदणी, असे ते ‘टाटा-मर्सिडीज’. 1969 मध्ये तो करार संपला. आज त्यातला एखादा ट्रक कुठे उभा दिसला, की हौशी माणूस पहिलं काय विचारतो? “ओरिजिनल आहे का?”

प्रश्न साधा वाटतो, पण तो कारच्या दुनियेतून आलाय. कार कारखान्यातून पुरी होऊन निघते, त्यामुळे तिचं मूळ रूप सांगता येतं. ट्रकचं तसं नव्हतं. कारखान्यातून यायची ती बहुतेक वेळा चासी, म्हणजे चौकट, इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि पुढचं नाक. केबिन आणि हौदा बांधायचे ते ठिकठिकाणचे बॉडीबिल्डर, लाकूड आणि पत्रा वापरून. एकाच दिवशी निघालेले दोन ट्रक माल भरायला लागेपर्यंत वेगळे दिसायचे. पुढे पाटे तुटले, बदलले. इंजिन उतरलं, रिबोअर झालं. हौदा कुजला, नवा आला. मालक बदलला, तसा रंग बदलला आणि फाळक्यावरचा मजकूरही बदलला. मग यातलं ‘मूळ’ कोणतं म्हणायचं?

तत्त्वज्ञानात हे कोडं जुनं आहे. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचं जहाज फळी-फळी बदलत जपलं, असं प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्जने त्यात मेख मारली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं कोणतं? आपल्याकडे ‘मिलिंदपञ्ह’मध्ये तर चर्चा वाहनाचीच आहे. राजा मिलिंद रथातून आलेला. नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? प्रत्येक वेळी उत्तर ‘नाही’. ‘रथ’ हे या सगळ्यांच्या आधाराने चालणारं एक व्यावहारिक नाव आहे, इथे ती चर्चा पोचते.

हे नुसतं बौद्धिक नाही बरं का. इंग्लंडमध्ये 1990 मध्ये यावर न्यायालयात खटला उभा राहिला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटलीने 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं ल मानची शर्यत जिंकली होती. ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं. घेणारा नंतर म्हणाला, ही ती गाडी नव्हेच! आणि जिंकलेल्या गाडीचे भाग तिच्यात फारच थोडे उरले होते, हे खरंच होतं. तरी न्यायमूर्तींनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी टप्प्याटप्प्याने बदलत गेली होती, पण तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. शिवाय ‘मीच ती’ म्हणणारी दुसरी गाडी कुठे नव्हती. हॉब्जचं दुसरं जहाज इथे बंदरात आलंच नाही, असं म्हणा ना.

आता आपल्या कायद्याकडे या. 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आली. वाहन पन्नास वर्षांहून जुनं हवं, मूळ रूपात हवं, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ही सोय आहे खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. ज्या तीनचाकीवरून ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत सामान्यनाम झाला, ती मालवाहू हॅन्सीटसुद्धा बसत नाही. शौकाचं वाहन वारसा ठरलं आणि राबणारं वाहन भंगाराच्या वाटेवर राहिलं. इंग्लंडातही जुन्या कारची लंडन ते ब्रायटन स्मृतिफेरी 1927 पासून निघते, तर जुन्या मालवाहू गाड्यांच्या फेरीला 1962 उजाडलं. राबणाऱ्याची आठवण उशिराच येते.

पण दोष एकट्या कायद्याचा नाही. हौसेतही एक धोका आहे. कारखान्याच्या जुन्या जाहिरातीतल्या चित्राबरहुकूम ट्रक करायचा म्हणून लाकडी केबिन उखडून टाकली, की ती बांधणाऱ्या सुताराचं काम कायमचं गेलं. त्याचं नाव कुठल्या कागदावर नसतं, ती केबिन हाच त्याचा कागद. आमच्या मते ट्रकच्या बाबतीत बदल हेच चरित्र आहे. ते पुसून मिळवलेलं ‘मूळ रूप’ त्या ट्रकचं कधी नव्हतंच.

तुम्ही म्हणाल, मग काहीही चालवून घ्यायचं का? जुना चासी नंबर नव्या चौकटीवर ठोकला, तर तोही अस्सलच? नाही. दुरुस्ती आणि बनावट यांत फरक आहे. दुरुस्तीने वाहनाचं काम पुढे चालतं आणि काय बदललं ते सांगता येतं. बनावटीला ते लपवावं लागतं. तेव्हा जुन्या ट्रकला “ओरिजिनल आहेस का?” असं विचारण्याऐवजी “तुझं काय काय बदललं, कधी, कुणी?” असं विचारू या. मिस्तरी, सुतार, रंगारी अजून आहेत तोवर त्यांना गाठून हे लिहून ठेवलं पाहिजे. हाताशी तो ट्रक असेल, पण सांगणारं कुणी नसेल, तर न्यायमूर्तींना सापडला तसा अखंड इतिहास आपल्याला मिळणार नाही.

पुढच्या वेळी हाच प्रश्न आपण माणसाला लावून पाहू. तिथे सुटे भाग कमी आणि अडचणी जास्त.