मावल्याच्या उथळ पाण्यासाठी जुनी होडी

आदिलाबादला लागून, राष्ट्रीय महामार्ग 44 जवळच मावल्याचा तलाव. उन्हाळ्यात अशा तलावांचं पाणी मागे सरकतं आणि निमुळत्या बुडाची होडी काठाच्या गाळात रुतते. मासेमारीसाठी इथे सपाट बूडच हवं.

साधा हिशेब पाहा. होडी 100 किलो, दोन माणसं 140 किलो, म्हणजे 240 लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. सपाट बूड 4 चौरस मीटर असेल, तर होडी जेमतेम 6 सेंटिमीटर बुडते! म्हणून जुनी फायबरची होडी निवडताना आधी तिचं बूड बघा, रंग नंतर.

तडा गेलेला भाग घासून पूर्ण कोरडा करा, मग फायबरची मॅट आणि रेझिनचे थर द्या. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी नीट मिसळा, हार्डनर शेवटी. ही दोन्ही थेट एकत्र आली तर भडका उडू शकतो. तरंगण्यासाठी थर्माकोल भरून त्यावर पॉलिस्टर रेझिन ओतू नका, थर्माकोल विरघळून जातो. झाकण घट्ट बसवलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन बाकाखाली पक्के बांधा.

इंजिन नकोच, लांब बांबू पुरतो. आणि मित्रांनो, पाणी कमरेएवढं असलं तरी लाइफ जॅकेट घालाच.