जाम झालेला बोल्ट : जोर नको, सबुरी हवी

आठवडी बाजारात कपडा विकणाऱ्या अनेक छोट्या व्यापाऱ्यांची जुनी व्हॅन हेच दुकान, हेच गोदाम आणि हेच रात्रीचे अंथरूण असते. मागची सीट काढून फळी टाकली की खाली गठ्ठे ठेवता येतात आणि वर झोपता येते. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन पुढे ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिचे इंजिन आपण जपतो, पण गाडीच्या पोटाखालचे बोल्ट कोणी पाहत नाही.

मागचा भार लोखंडी पाट्यांवर असतो. पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतो, बुशच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट जातो. बुश झिजला की खड्ड्यात खटखट आवाज येतो, गाडी मागून डुलते. बुश बदलायचा तर बोल्ट निघाला पाहिजे. इथेच घोडे अडते. बोल्ट आणि नळी यांच्यातील बारीक फटीत वर्षानुवर्षे पावसाचे पाणी शिरते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. फट भरून जाते आणि दोन्ही एकजीव होतात.

माझ्या व्हॅनच्या वेळी कारीगराने पान्याला लांब पाइप लावून जोर दिला. बोल्ट फिरला, आम्ही खूश झालो. प्रत्यक्षात बोल्टबरोबर नळीही रबरात फिरत होती. पुढच्या झटक्याला बोल्टचे डोके तुटले आणि माझे दोन बाजार बुडाले.

बरोबर रीत अशी. गाडी सपाट जागी घ्यावी, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. मजबूत घोड्यांवर ती टेकवावी. अॅक्सलखाली वेगळा जॅक लावून पाट्यावरचा ताण काढावा. तारेच्या ब्रशने गंज घासून बोल्टला गंज सोडवणारे तेल मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी पुन्हा तेल मारावे. आधी किंचित आवळून मग सैल करावे, असे पुढेमागे करत राहावे. नट निघाल्यावर बोल्ट पंचाने ठोकून पाहावा.

गॅसची ज्योत शक्यतो टाळावी. रबर पेट घेते, शिवाय पेट्रोलची व ब्रेकची नळी जवळ असू शकते. सीएनजी किंवा एलपीजीची गाडी असेल तर ज्योतीचे नावच काढू नये.

तरीही बोल्ट हलला नाही तर हट्ट सोडावा. बुश आणि ब्रॅकेट यांच्या मधल्या जागेत करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. वेळ लागतो, पण ब्रॅकेट वाचते. ब्रॅकेट फाटले तर वेल्डिंगचा खर्च बोल्टच्या अनेक पट होतो.

जुना बोल्ट पुन्हा बसवू नये. मापाचा आणि मूळ ताकदीचाच घ्यावा. ताकदीचा आकडा, जसे ८.८, डोक्यावर कोरलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा स्वस्त बोल्ट इथे चालत नाही. नट नवा घ्यावा. बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीस लावावे, म्हणजे पुढच्या वेळी तो सहज निघेल. शेवटचे आवळणे मात्र गाडी चाकांवर उभी करूनच करावे. हवेत आवळले तर भार येताच रबराला पीळ बसतो आणि नवा बुश लवकर फाटतो. काही दिवस गाडी चालल्यावर नट पुन्हा तपासावा.

व्यापारी भावांनो, बोल्टची किंमत थोडी, पण घाटात भरलेली गाडी त्याच्यावरच उभी असते. पावसाळा संपला की एक दिवस गाडीखाली जरूर पाहा. जो दिवस आपण स्वतः निवडतो, त्या दिवशी होणारे नुकसान नेहमी कमी असते.