प्राणवायूचें ऋण

गाडीखालीं सांपडलेल्या मनुष्यावर वेळेवर शस्त्रक्रिया होते, रक्तस्राव थांबतो, नाडी हाताला लागते आणि नातलगांच्या जिवांत जीव येतो. पुढें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं त्याचें श्वसन बिघडतें, लघवी कमी होते, डोळे पिवळे दिसूं लागतात. फुप्फुसें, मूत्रपिंडें, यकृत, यांपैकीं कशालाही घाव लागलेला नव्हता. तींच एकामागून एक कां खचावीं? याचें उत्तर पुष्कळ अंशीं पहिल्या कांहीं तासांतील प्राणवायूच्या हिशेबांत आहे.

स्वस्थ पडलेला प्रौढ मनुष्य दर मिनिटाला सुमारें २५० मिलिलिटर प्राणवायु खर्च करतो आणि त्याचें हृदय सुमारें १००० मिलिलिटर पोंचवीत असतें. हा चौपट पुरवठा म्हणजे निसर्गानें ठेवलेली गंगाजळीच होय. थोडें रक्त गेलें तरी पेशी उरलेल्या रक्तांतून अधिक प्राणवायु ओढून घेतात. मात्र पुरवठा एका मर्यादेखालीं उतरला कीं ही सोय संपते. मग पेशी प्राणवायूवांचून साखर फोडूं लागतात. त्यांतून शक्ति फारच थोडी मिळते व रक्तांत लॅक्टिक आम्ल सांचतें. जितका प्राणवायु कमी पडला तितकें ऋण.

हें ऋण मोजतां येतें. क्रॉवेल आणि स्मिथ यांनीं १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत, शरीराच्या दर किलोग्रॅममागें १०० मिलिलिटरपर्यंत तूट आलेले प्राणी जगले, १२० च्या सुमारास निम्मे दगावले आणि १४० च्या पलीकडे एकही वांचला नाहीं. तेव्हां नाडी सुधारली म्हणजे ऋण फिटलें, असें मुळींच नाहीं. मेंदू व हृदय यांस जगविण्यासाठीं शरीर आतडीं व मूत्रपिंडें यांच्या रक्तवाहिन्या आवळून धरतें, आणि रक्तदाब ठीक दिसत असतांनाही तीं इंद्रियें उपाशीच राहतात. पुढें रक्त परत आलें, कीं त्याच्याबरोबर आलेल्या प्राणवायूपासून दाहक द्रव्यें बनतात, चवताळलेल्या श्वेतपेशी दूरच्या फुप्फुसांपर्यंत जाऊन उपद्रव करतात.

अमेरिकेंतील शल्यवैद्य विल्यम शूमेकर यांनीं जगलेल्या रुग्णांत पुरवठा व खर्च दोन्ही नेहमीपेक्षां वरचढ असतात हें पाहून, सर्वच रुग्णांना त्या पातळीवर न्यावें असा आग्रह धरला. पुरवठ्याची त्यांची खूण शरीराच्या दर चौरस मीटरमागें मिनिटाला ६०० मिलिलिटर होती. डेन्व्हर येथील वैद्यांना १९९२ सालीं मात्र असें आढळलें, कीं कित्येक जखमींना भरपूर पुरवठा करूनही त्यांचा खर्च वाढत नाहीं, आणि पुढें इंद्रियें खचतात तीं बहुधा अशांचींच. दारांत धान्याच्या गाड्या उभ्या, पण चूल पेटत नाहीं!

हृदयाला औषधांचे चाबूक मारून पुरवठा वाढविण्याची कल्पनाही पुढें ओसरली. अतिदक्षता विभागांतील रुग्णांवरील एका चाचणीत १९९४ सालीं असे उपचार झालेल्यांपैकीं ५४ टक्के, तर न झालेल्यांपैकीं ३४ टक्के दगावले. इटलींतील १९९५ सालच्या मोठ्या चाचणींतही लाभ दिसला नाहीं.

नळकांड्यांतील प्राणवायूवर लोकांचा विश्वास फार. फुप्फुसें धड असतील तर साध्या हवेंतही रक्तकण जवळजवळ पूर्ण भरतात. उणे असतात ते कण. म्हणून आजचा वैद्य आधीं रक्तस्राव थांबवितो, लौकर रक्त चढवितो आणि लॅक्टिक आम्ल उतरतें कीं नाहीं हें वरचेवर पाहतो. तें उतरेपर्यंत रुग्णाच्या उशापासून तो फारसा हलत नाहीं.