रद्दीतून वाचलेला वेताळ

इंद्रजाल कॉमिक्स जमवणारा माणूस कधी ना कधी 123 आणि 124 या क्रमांकांच्या मागे लागतोच. हाताशी 122 असतो, 125 असतो, मधले दोन काही केल्या मिळत नाहीत. फाउंटनच्या फुटपाथवर विचारून होतं, किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे चिठ्ठी ठेवून होते, ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून होतं. ते अंक मिळणार नाहीत, कारण ते निघालेच नाहीत. संपामुळे त्यांची छपाई राहिली आणि पुढचा अंक 125 म्हणूनच बाजारात आला. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च 1964 ते 1990 या काळात काढलेले अंक म्हणून 803 भरतात, 805 नाही. नवीन कोणी या नादाला लागलं की मी त्याला आधी हे सांगून टाकते. त्याचे श्रम वाचतात, आणि जमवणं म्हणजे नुसतं विकत घेणं नव्हे, माहिती ताडून पाहणं असतं, हेही त्याला कळतं.

मी ठाण्यातल्या माजिवड्याची. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, ऑफसेट छपाईच्या प्रोसेस विभागात झाली. चित्राचे रंग वेगळे करून सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार फिल्म तयार करायच्या, लाइट टेबलवर भिंगाखाली त्यांतले बारीक पिनहोल ब्रशने बुजवायचे, असं ते काम. त्यामुळे कॉमिक्सकडे मी दोन्ही बाजूंनी पाहते. लहानपणी गोष्टीसाठी वाचलेलं पान आता मला ठिपक्यांनी बनलेलं दिसतं, आणि त्या ठिपक्यांच्या मागे कुणाचा तरी हात असतो हे मी कधी विसरू शकत नाही.

इंद्रजालचे पहिले 32 अंक सगळेच्या सगळे वेताळाचे होते. ली फॉकने 1936 मध्ये अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेला फँटम मराठीत वेताळ झाला आणि इतका इथला झाला, की तो परका आहे हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. मूळ चित्रकथेतलं बंगालशी मिळतंजुळतं नाव आपल्याकडे खटकू नये म्हणून इंद्रजालमध्ये त्याचा देश डेंकाली झाला. सिंग नावाचे समुद्री चाचे सिंगा झाले. म्हणजे भारतीय अंक हा अमेरिकी अंकाचा नुसता उतारा नाही. पानं बसवण्यासाठी कथा कापलेल्या, संवाद बदललेले, आणि सुरुवातीच्या काळातली मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी इथे बसून रंगवलेली. ऑस्ट्रेलियातले आणि स्वीडनमधले फँटमवेडे आपले जुने अंक शोधतात ते यासाठी.

मग मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि 1976 मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला. डाकूचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि जीन्स, गावकऱ्यांना घेऊन दरोडेखोरांशी लढणारा. गोविंद ब्राह्मणिया यांनी तो चितारला. परदेशी नायकांच्या रांगेत पहिल्यांदा आपल्या मातीचा माणूस उभा राहिला. हेच आबिद सुरती पुढे आपल्या ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडला, घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देऊ लागले. बहादूरचा निर्माता पाण्याच्या थेंबासाठी दारोदार फिरतो, हे मला बहादूरच्या कुठल्याही कथेइतकंच मोठं वाटतं.

इंद्रजाल इंग्रजीत होतं तसंच मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांतही होतं. माझ्या अनुभवात इंग्रजी अंक चांगल्या अवस्थेत सापडतो, मराठी सापडत नाही. इंग्रजी अंक घेणाऱ्या घरात पुस्तकांचं कपाट असायचं. मराठी अंक चाळीत फिरायचा, भाड्याच्या लायब्ररीत जायचा, दाभणाने शिवला जायचा, सुट्टीत मामाकडे जायचा आणि शेवटी भेळवाल्याकडे पोहोचायचा. तो वाचून वाचून संपला. म्हणून मराठी प्रतीवर एखाद्या डोंबिवलीच्या नाहीतर कल्याणच्या लायब्ररीचा जांभळा शिक्का असला, आत पेन्सिलीने नाव लिहिलेलं असलं, तर मी ती प्रत नाकारत नाही. परदेशी बाजारात असा शिक्का म्हणजे दोष. माझ्या मते तो त्या अंकाचा प्रवास सांगतो आणि तो पुसण्याचा प्रयत्न कुणी करू नये.

अमेरिकेत अंकाची अवस्था मोजायचं वेगळंच शास्त्र झालं आहे. सीजीसी नावाची कंपनी 2000 सालापासून अंक तपासून दहापैकी गुण देते आणि कडक पारदर्शक पेटीत कायमचा बंद करते. सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो 1938 चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक 1. त्याच्या एका प्रतीला 2024 मध्ये 60 लाख डॉलर मिळाले. पेटीमुळे कागद सुरक्षित राहतो आणि लांबच्या ग्राहकाला खात्री मिळते, हे खरं. पण उघडता न येणारा अंक मला नको आहे.

खोटा अंक ओळखायला पेटी लागत नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. जुन्या ऑफसेट छपाईत चार रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत बसतात आणि त्यांची फुलासारखी नक्षी तयार होते. स्कॅन करून पुन्हा छापलेल्या मुखपृष्ठात त्या नक्षीवर दुसरी नक्षी चढते, रंग गढूळ होतो, काळ्या अक्षरांच्या कडांना रंगीत किनार दिसते. अस्सल अंकात अक्षरं एकट्या काळ्या शाईची आणि कडेला स्वच्छ असतात. त्यालाही कारण आहे. एकच कॉमिक पाच भाषांत काढायचं तर रंगांच्या तीन फिल्म त्याच ठेवून फक्त काळ्याची बदलायची, म्हणजे खर्च वाचतो. फुग्यातला इंग्रजी मजकूर काढून तेवढ्याच जागेत मराठी बसवायचा, ही त्या लेखकांची आणि सुलेखनकारांची कसरत असे. त्यांची नावं बहुतेक अंकांवर नाहीत.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे मूळ पान. चित्रकार छापील आकारापेक्षा मोठ्या कागदावर काढतो. अमेरिकेत आजचा रूढ आकार 11 बाय 17 इंच आहे. आधी पेन्सिल, पुष्कळदा फिकट निळी, कारण ती निळी रेघ कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नाही. त्यावर ब्रश आणि काळी शाई. चुकलं तिथे पांढरा पोस्टर कलर. कडेला संपादकाची सूचना, पानाचा क्रमांक, कधी चहाचा डाग. छापताना हे सगळं गळून जातं. मूळ पान हातात घेतलं की रेघ कुठे सुरू झाली, ब्रश कुठे दाबला, कुठे उचलला, हे कळतं.

जगाने याची किंमत ओळखली. 1984 च्या ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेच्या आठव्या अंकातलं एक पान, स्पायडरमॅन काळ्या पोशाखात दिसतो ते, माइक झेकने काढलेलं, 2022 मध्ये 33.6 लाख डॉलरला गेलं. ‘टिनटिन’च्या ‘ब्लू लोटस’साठी एर्जेने 1936 मध्ये रंगवलेलं एक मुखपृष्ठ प्रकाशकाने नाकारलं होतं. त्यातले रंग छापणं फार महाग पडलं असतं. ते 2021 मध्ये पॅरिसला 30 लाख युरोंच्या वर विकलं गेलं. आमच्यासारख्या छपाई खात्याला झेपलं नाही म्हणून बाजूला पडलेलं चित्र! पण याच जगात जॅक कर्बीला, ज्याने मार्व्हलचे अर्धे नायक उभे केले त्याला, स्वतःची पानं परत मिळवण्यासाठी अनेक वर्षं भांडावं लागलं. 1987 मध्ये परत आली ती सुमारे दोन हजार, काढलेल्या पानांचा एक लहानसा हिस्सा.

आपल्याकडे या कलेचा मोठा भार मराठी हातांनी उचलला आहे आणि तो आपण मोजलेला नाही. अनंत पै यांनी 1967 मध्ये अमर चित्र कथा उभी केली. त्याआधी ते टाइम्समध्ये होते आणि इंद्रजालच्या जन्मातही त्यांचा वाटा होता. अमर चित्र कथेचे पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांचे आहेत. ‘कृष्ण’ हा अकरावा, आणि तो काढला राम वाईरकर यांनी. त्याच वाईरकरांनी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला चेहरा दिला, आणि त्यांनीच पुढे ‘टिंकल’मधला सुपंडी घडवला. काटकुळा, चौकटीचा शर्ट घातलेला फेणे आणि टोकदार डोक्याचा सुपंडी शेजारी ठेवून पाहा, पळणाऱ्या पायांची रेघ एकाच हाताची आहे. अमर चित्र कथेतला ‘शिवाजी’ लिहिला भागवतांनी आणि चितारला पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. तेच मुळीक 1980 च्या दशकात दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज काढू लागले. उत्तर भारतातल्या लाखो मुलांचा तो हिरवा, सापांचा नायक पुण्याच्या ड्रॉइंग बोर्डावर उभा राहिला! त्याच राज कॉमिक्सचा भोकाल दिलीप कदम यांनी काढला. वसंत हळबे यांनी ‘टिंकल’मधल्या शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली ती कायमची.

या माणसांची मूळ पानं एका ठिकाणी, नीट प्रकाशात, तारीख आणि नाव लावून पाहायला मिळावीत अशी माझी फार इच्छा आहे. ठाण्यात 1893 सालापासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे. पुस्तकांसाठी आपल्या पूर्वजांनी एवढं केलं. चित्रकथेसाठी तसं घर महाराष्ट्रात व्हायलाच हवं, आणि वाईरकर, मुळीक यांच्यापासून त्याची सुरुवात व्हायला हवी.

‘कृष्ण’चं उदाहरण आवृत्त्यांसाठीही घेण्यासारखं आहे. पहिल्या आवृत्तीत पै यांनी चमत्कार हात राखून दाखवले होते. पुढच्या सुधारित आवृत्तीत गोवर्धन उचलणारा कृष्ण सरळ समोर येतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही. म्हणून जुनी प्रत फाटकी आहे, नवी मिळते, मग ती कशाला ठेवायची, असं कुणी म्हटलं की मी हा अंक पुढे करते.

कागदापलीकडचं, कॉमिक्सच्या नायकांच्या पुतळ्यांचं जग मला आमच्या मजल्यावरच्या एका तरुणाने दाखवलं. घोडबंदर रोडकडे तोंड असलेल्या त्याच्या खोलीत बॅटमॅन, वूल्व्हरिन आणि आयर्न मॅन काचेमागे उभे आहेत. अमेरिकेतली साइडशो, सिंगापूरची एक्सएम स्टुडिओज, जपानची प्राइम वन या कंपन्या असे पुतळे मर्यादित संख्येत काढतात. एक चतुर्थांश प्रमाणाचा पुतळा दीड-दोन फुटांचा होतो. साहित्य पॉलिस्टोन, म्हणजे रेझिनमध्ये दगडाची भुकटी. पेणच्या गणपती कारखान्यात जे चालतं तेच इथे चालतं: आधी मूळ शिल्प, त्यावरून रबराचा साचा, साच्यातून ओतकाम, कडांची घासणी आणि शेवटी हाताने रंग. डोळ्यांची आखणी जमली तर मूर्ती जिवंत, नाहीतर नुसता रेझिनचा गोळा. म्हणून तो तरुण पुतळ्याचा फोटो पाहताना आधी त्याचे डोळे झूम करून पाहतो. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून किंमत बरीच चढते, आणि मूळ खोका जपावाच लागतो, कारण खोका नसेल तर पुढचं गिऱ्हाईक हात आखडतं. वन बीएचकेमध्ये ते खोके कुठे ठेवायचे हा त्याच्या घरातला कायमचा विषय आहे.

“काकू, तुमचा कागद पिवळा पडणार, माझा बॅटमॅन आहे तसा राहील,” असं तो म्हणतो. पूर्ण खरं नाही. उन्हाने रंग उडतो, आणि कपडे घातलेल्या बाहुल्यांचं नकली चामडं आपल्या दमट हवेत काही वर्षांत सोलपटून येतं. शिवाय माजिवड्याच्या नाक्यावर पूल, मेट्रो आणि टॉवरची कामं वर्षानुवर्षं चालू आहेत. ती धूळ काचेच्या फटीतूनही शिरते. तो मऊ मेकअप ब्रशने ती झाडतो. कापडाने पुसलं तर सिमेंटचा कण रंगावर घासला जातो.

कागदाचे शत्रू वेगळे आहेत. कॉमिक्सचा कागद स्वस्त, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं; उजेड आणि हवा लागली की तो आम्ल धरतो, पिवळा आणि ठिसूळ होतो. खाडीची हवा आधी पिना खाते. गंज कागदात उतरतो आणि मधलं पान सुटतं. त्यात कसर आणि वाळवी. मी अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशवीत, मागे आम्लमुक्त पुठ्ठा लावून ठेवते. साधं पीव्हीसीचं प्लास्टिक काही वर्षांनी शाईला चिकटतं. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवत नाही, पावसाळ्यात ती ओल धरते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आणि आजीच्या पद्धतीने कापडात बांधलेलं वेखंड. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नाही: त्याचा गोंद तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशनही नाही, ते तर अंकाला कायमचं गाडून टाकणं झालं.

अंक मिळवण्यासाठी फार पैसा लागतो असं नाही. डोंबिवलीच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकं देऊन पुस्तकं घ्यायची आदान-प्रदान प्रदर्शनं भरवली आहेत. अशा ठिकाणी, मुलं मोठी झाली म्हणून आणलेल्या पिशव्यांतून ‘टिंकल’ आणि अमर चित्र कथा बाहेर पडतात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर असा गठ्ठा सापडला तर किलोवर घालण्याआधी सुतळी कापून तो सुटा करा. सुतळीच्या काचाने कडा चिरतात. पंख्याखाली सावलीत एक दिवस पसरून ठेवा, उन्हात नको. मग प्रत्येक अंकाची भाषा, क्रमांक, छापलेली किंमत आणि आतल्या पानावरची चित्रकाराची सही यांची नोंद करा. मराठी बहादूर असेल, मुखपृष्ठ नसलं तरी, तो वेगळा काढा. मधली पानं जागेवर असतील तर तो अंक पुरा आहे.