वापिटी ऊर्फ एल्क

नावाचा घोळ

ब्रिटनमध्ये ‘एल्क’ म्हटलं की लोंबत्या ओठाचा, पसरट शिंगांचा मूस डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी मात्र तेच नाव तिथल्या दुसऱ्या एका थोराड हरणाला देऊन टाकलं. श्रीलंकेत सॅम्युअल बेकरसारख्या शिकाऱ्यांनी तर सांबरालाच एल्क केलं. त्यामुळे जुनी शिकारवर्णनं वाचताना मुलूख कोणता, ते आधी पाहावं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं ‘वापिटी’ हे नाव मला अधिक पटतं. त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा, आणि पळता कळप ओळखू येतो तो त्या पुठ्ठ्यावरूनच. हा प्राणी आशियातही आहे, अल्ताई आणि तिएनशानच्या डोंगरांत.

अंगलट

नर सहज तीनशे किलो भरतो. आपल्या सांबराच्या शिंगाला तीन टोकं असतात, वयात आलेल्या वापिटीच्या शिंगाला बहुधा सहा. वरच्या जबड्यात दोन बोथट सुळे असतात. क्रो जमातीच्या बायका ते पोशाखावर ओळीने शिवत. एका जनावरामागे दोनच, म्हणजे सुळ्यांनी भरलेला झगा ही घरची श्रीमंतीच.

माजाचे दिवस

सप्टेंबरात नर माजावर येतो. चिखलात लोळतो, स्वतःच्याच मुतात मान भिजवतो आणि ओरडतो. एवढ्या धिप्पाड धडातून खर्ज निघेल असं वाटतं. प्रत्यक्षात आवाज चढत चढत कर्कश शिटीवर जातो आणि शेवटी घशातल्या घशात गुरगुरतो. माद्या राखण्याच्या नादात चरणं राहून जातं आणि नर ऐन हिवाळ्याच्या तोंडावर खंगतो.

शिंगं कधी गाळायची?

शिंगं दरवर्षी गळतात आणि मखमली कातडीखाली नव्याने वाढतात. धडधाकट नर ती लवकर गाळतो, म्हणजे नव्या वाढीला वेळ जास्त मिळतो. पण अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 पासून लांडगे परत आणून सोडले आहेत. तिथल्या अभ्यासात दिसलं, की शिंगं गाळलेले नर प्रकृतीने चांगले असूनही लांडगे त्यांनाच जास्त धरतात. शिंगवाल्याच्या वाटेला जाणं महागात पडतं.

गळलेल्या शिंगांवर उंदीर, साळिंदर कॅल्शियमसाठी दात चालवतात. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाजवळ, 1912 साली स्थापलेल्या एल्क अभयारण्यात स्काउटची मुलं ती गोळा करतात आणि मे महिन्यात गावात त्यांचा लिलाव होतो. यलोस्टोनमधून मात्र एक शिंग उचललं तरी गुन्हा.